कार्ड बंद पडल्यावर: बँकेच्या टोलवाटोलवीतून मार्ग काढण्यासाठी नवख्यांना मार्गदर्शन

पेट्रोल पंपावर टाकी भरून झालेली असते, मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि यंत्रावर व्यवहार नाकारल्याची ओळ उमटते. कार्ड पुसून पुन्हा घातले तरी उत्तर तेच येते. खात्यात पगार जमा झाल्याचा संदेश सकाळीच आलेला असल्यामुळे पैसे नाहीत असेही नसते. मग माणूस बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावतो, आणि कार्ड बंद पडल्याचा त्रास परवडला असे वाटायला लावणारा दुसरा त्रास तिथून सुरू होतो.

ज्यांनी नुकतेच पहिले खाते उघडले आहे, जे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडून शहरात आले आहेत, किंवा ज्यांच्या घरात कार्डाचे सगळे व्यवहार आजवर दुसरेच कोणी पाहत होते, अशांसाठी हा लेख आहे. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे एका बँकेच्या शाखेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. निवृत्त झाल्यानंतर वर्षभरातच माझेच कार्ड बंद पडले. पहिल्या फोनवर मला केवायसीची, म्हणजे ओळख आणि पत्त्याच्या पडताळणीची, मुदत संपल्याचे सांगण्यात आले, दुसऱ्या फोनवर ‘सिस्टीममध्ये अडचण’ असल्याचे, आणि तिसऱ्या फोनवर मी चुकीचा पिन टाकल्याचे. खरे कारण चौथेच निघाले: बँकेने परस्पर नवे कार्ड काढून जुने बंद केले होते, आणि ते नवे कार्ड मी सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घरी पोहोचून तिथून परत गेले होते. हे कळायला मला सतरा दिवस लागले, आणि ते फोनवर नव्हे, तर लेखी अर्जाच्या उत्तरातून कळले. पुढच्या सगळ्या सूचनांचा रोख त्यामुळे एकाच गोष्टीकडे आहे, ती म्हणजे आपली तक्रार शक्य तितक्या लवकर तारीख आणि क्रमांक असलेल्या कागदावर आणणे.

पैसे गेले असतील तर आधी हे वाचावे

आपण न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला असेल, तर कारणे शोधत बसू नये. प्रथम मोबाइल ॲपमधून, संदेशातील सूचनेप्रमाणे उत्तर पाठवून किंवा फोन करून कार्ड बंद करावे आणि व्यवहार आपला नसल्याचे बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती राहील हे दिवसांवर ठरवून दिले आहे, आणि सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच परिपत्रक निघाले. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर काहीच पडत नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी यंत्रणेत घुसून पैसे काढले, अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. संदेश मिळाला तो दिवस या हिशेबात धरत नाहीत. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्यासाठी ही जबाबदारी जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत जाते, आणि सात दिवस उलटल्यावर प्रत्येक बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करणे आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढणे ही बँकेची जबाबदारी आहे, आणि ग्राहकाचा दोष आहे हे सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच आहे.

ओटीपी किंवा पिन आपणच कोणाला सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेने गप्प बसण्यात अर्थ नाही. कळवल्याची वेळ नोंदली जाणे इथे पैशांइतकेच मोलाचे असते. त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात अजून पडून असेल, तर ती तिथेच गोठवता येण्याची शक्यता असते, आणि ही शक्यता तासागणिक कमी होत जाते.

नेमके काय बंद आहे ते ओळखावे

‘कार्ड ब्लॉक झाले’ हे दोनच शब्द आपण सगळ्या प्रकारांना वापरतो, बँकेचे कर्मचारीही वापरतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. फोन लावण्यापूर्वी पाच मिनिटे खर्च करून प्रकार ओळखला, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे त्याच खात्यातून यूपीआयने दहा रुपये घरातल्या कोणाला तरी पाठवून पाहणे. यूपीआय कार्डाला नव्हे, तर खात्याला जोडलेले असते. त्यामुळे दहा रुपये गेले, तर खाते शाबूत आहे आणि अडचण फक्त कार्डाची आहे असे समजावे. यूपीआयही अडले, नेट बँकिंगमधूनही पैसे जात नसतील, तर बहुधा खात्यावरच बंधन आलेले असते आणि कार्डाबद्दल कितीही भांडून उपयोग नसतो.

अडचण कार्डाची असेल, तर ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगचे पान उघडावे. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार कोणतेही नवे किंवा बदली कार्ड केवळ भारतातील एटीएम आणि दुकानातील स्वाइप यंत्र यांच्यासाठी चालू करून दिले जाते. ऑनलाइन खरेदी, परदेशातील वापर आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देण्याची सोय ही ग्राहकाने स्वतः चालू करायची असते. नव्या कार्डावरून रेल्वेचे तिकीट निघत नाही म्हणून शाखेत येऊन तावातावाने बोलणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे कार्ड बंद नव्हतेच, फक्त ऑनलाइनचे बटण बंद होते. त्याच पानावर खर्चाची मर्यादाही दिसते. ती कोणी शून्यावर नेऊन ठेवली असेल, तरी परिणाम तोच होतो.

तीनदा चुकीचा पिन टाकल्याने आलेली बंदी बहुतेक बँकांत दुसऱ्या दिवशी आपोआप उठते. कार्डावर छापलेला महिना संपला असेल, तर प्रश्नच मिटला. याखेरीज उरतात त्या दोन बंदी, आणि त्यांतला फरक नीट समजून घ्यावा. एक तात्पुरती, जी बँकेच्या यंत्रणेला एखादा व्यवहार संशयास्पद वाटल्यामुळे लागते आणि ग्राहकाने ‘व्यवहार माझाच’ असे सांगितल्यावर काढता येते. दुसरी कायमची, जिला बँकेत ‘हॉटलिस्ट’ करणे म्हणतात. हॉटलिस्ट झालेले कार्ड पुन्हा जिवंत होत नाही. नवेच घ्यावे लागते. फोनवरील व्यक्तीला पहिला प्रश्न हाच विचारावा, की माझे कार्ड तात्पुरते बंद आहे की हॉटलिस्ट झाले आहे. प्रश्न या शब्दांत विचारला, की समोरची व्यक्ती खुर्चीत थोडी सावरून बसते, असा माझा अनुभव आहे.

खात्यावरच बंधन असेल, तर कारण बहुधा तीनपैकी एक असते. केवायसीची मुदत उलटलेली असते. बँकेने ग्राहकाला लावलेल्या धोक्याच्या वर्गवारीनुसार ती दर दोन, आठ किंवा दहा वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि माहितीत काहीच बदल नसेल तर साधे स्वयंघोषणापत्र पुरते. किंवा दोन वर्षांहून अधिक काळ आपण त्या खात्यात एकही व्यवहार केलेला नसतो, म्हणून ते निष्क्रिय झालेले असते. ते पुन्हा चालू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही. तिसरे कारण, म्हणजे पोलीस, न्यायालय किंवा कर खात्याच्या आदेशाने खाते गोठवले जाणे. तसे असल्यास आदेश कोणाचा, कोणत्या तारखेचा आणि किती रकमेपुरता, हे बँकेकडून लेखी मागून घ्यावे, कारण पुढचा अर्ज बँकेकडे नव्हे, तर आदेश देणाऱ्या कार्यालयाकडे करायचा असतो.

फोन कुठे लावावा

हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ‘अमुक बँक ग्राहक सेवा’ असे इंटरनेटवर शोधून जो पहिला क्रमांक दिसेल तो लावणे, हे कार्ड बंद पडण्यापेक्षा कितीतरी महागात पडू शकते. असे क्रमांक भामट्यांनी पेरून ठेवलेले असतात. क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूवरून, पासबुकावरून किंवा बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून घ्यावा. संकेतस्थळावरून घ्यायचाच असेल, तर पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा आहे ना ते पाहावे. ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे या खास पत्त्यावर न्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते.

आपल्यालाच उलट फोन आला आणि ‘तुमचे कार्ड ब्लॉक झाले आहे, चालू करून देतो’ असे कोणी गोड आवाजात सांगू लागले, तर तो फोन ठेवून द्यावा. व्हॉट्सॲपवर आलेली केवायसीची फाइल मोबाइलमध्ये घालू नये. कार्ड खरोखर बंद पडलेले असताना असा फोन आला, तर तो खराच वाटतो, आणि घाबरलेला माणूस नेमका तिथेच फसतो. बँकेला कार्ड चालू करण्यासाठी आपला पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन अंक कधीही लागत नाहीत.

फोनवर बोलताना

प्रथम कागद आणि पेन घ्यावे. तारीख, फोन लागल्याची वेळ, बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि तिने दिलेले आश्वासन लिहीत जावे. भाषा निवडताना मराठी निवडण्यास संकोच करू नये. अडखळत हिंदीत किंवा इंग्रजीत सांगितलेल्या तक्रारीची नोंदही अडखळतच होते.

फोनवर बसलेल्या माणसाची बाजूही ठाऊक असावी. त्याच्या पडद्यावर कार्डाची स्थिती दिसते, पण ती तशी का झाली हे पुष्कळदा दिसत नाही. बंदी उठवण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याचा प्रत्येक फोन किती मिनिटे चालला हे कोणीतरी मोजत असते. त्यामुळे खरे कारण शोधण्यापेक्षा संभाव्य कारण सांगून बोळवण करणे त्याला सोयीचे जाते, आणि म्हणूनच तीन फोनवर तीन कारणे ऐकायला मिळतात. त्याच्यावर ओरडल्याने त्याचे अधिकार वाढत नाहीत. त्याच्याकडून मिळण्यासारखी एक गोष्ट मात्र असते, ती म्हणजे तक्रार क्रमांक, आणि ती घेतल्याखेरीज फोन ठेवू नये.

इथे एक बारीक खोच आहे. काही वेळा तक्रार न नोंदवता केवळ ‘विनंती’ किंवा ‘चौकशी’ नोंदवली जाते आणि तिचा क्रमांक आपल्या हाती ठेवला जातो. चौकशी ही माहिती देऊन बंद करता येते, तक्रारीचा निपटारा करावा लागतो. म्हणून स्पष्ट शब्दांत म्हणावे: “मॅडम, मला चौकशी नको, तक्रार नोंदवायची आहे. तिचा क्रमांक आणि उत्तर मिळण्याची तारीख सांगा, आणि दोन्ही संदेशाने पाठवा.” वरिष्ठांशी बोलायचे आहे असे म्हटल्यावर फोन तुटला, तर ती वेळही लिहून ठेवावी आणि पुन्हा फोन करून सगळी कहाणी पहिल्यापासून न सांगता आधीचा क्रमांकच सांगावा. असे दोन फोन पुरेत. तिसरा फोन करण्याऐवजी तेवढ्या वेळात अर्ज लिहावा.

मधल्या दिवसांचा खर्च

कार्ड नाही म्हणजे पैसे नाहीत, असे नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटते, पण तसे नसते. यूपीआय चालू असेल तर बरेच भागते, आणि ज्या एटीएमच्या पडद्यावर यूपीआयने रोख काढण्याचा पर्याय आहे, तिथे क्यूआर कोड स्कॅन करून कार्डाशिवाय पैसे निघतात. यूपीआय पिन नव्याने बसवण्याची वेळ आली आणि ॲपने डेबिट कार्ड मागितले, तर आधार ओटीपीचा पर्याय निवडता येतो. मात्र त्यासाठी आधार आणि बँक या दोन्हींकडे एकच मोबाइल क्रमांक असावा लागतो. शाखेत पासबुक घेऊन गेल्यास पैसे काढण्याची स्लिप भरून रोख मिळते. गावाकडे बँक मित्राकडे (बँकेने नेमलेल्या स्थानिक प्रतिनिधीकडे) किंवा पोस्टमनकडे आधार आणि बोटाचा ठसा वापरूनही थोडी रक्कम काढता येते, खाते आधारशी जोडलेले असले म्हणजे झाले.

शाखेत जाताना

सकाळी अगदी उघडताना किंवा जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर जाऊ नये. महिन्याची पहिली तारीख आणि पेन्शनचे दिवस टाळावेत. ओळखपत्राची मूळ प्रत, पासबुक, मोबाइल आणि अर्जाच्या दोन प्रती बरोबर असाव्यात.

‘हे हेड ऑफिसचे काम आहे, आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य ऐकायला मिळेल, हे गृहीत धरूनच जावे. ते अर्धे खरे असते. शाखेतून कार्डाची बंदी उठत नसेल, पण कार्डाची स्थिती, ते कोणत्या तारखेला बंद झाले आणि नवे कार्ड निघाले असल्यास ते कुठे पाठवले, हे शाखेला पाहता येते किंवा विचारून सांगता येते, आणि अर्ज स्वीकारून पोच देणे तर पूर्णपणे तिच्याच हातात असते. दुसऱ्या गावची शाखा असली तरी अर्ज घेता येतो. ‘तुमचे खाते नांदेडचे, तिकडेच जा’ असे पुण्यातल्या शाखेने सांगितले, तर शांतपणे विचारावे की हे आपण मला अर्जावर लिहून देता का. बहुतेकदा लिहून देण्याऐवजी अर्ज घेतला जातो.

शाखेच्या भिंतीवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क लावलेला असतो, निदान असायला हवा. त्याचा फोटो काढून ठेवावा. तक्रार पुस्तिका मागितली तर ती देणेही शाखेवर बंधनकारक आहे. माझ्या नोकरीच्या काळात ती कपाटात असे, आणि कोणी मागितली की संपूर्ण शाखेचा सूर बदलत असे.

अर्ज कसा लिहावा

अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. एका पानापेक्षा मोठा नसावा. संपूर्ण कार्ड क्रमांक, पिन किंवा मागचे तीन अंक त्यात कधीही लिहू नयेत. कार्डाचे शेवटचे चार अंक पुरेसे आहेत. पुढील मसुदा मी आजवर शेजारीपाजारी अनेकांना लिहून दिला आहे, आणि तो आपापल्या तपशिलाने भरून वापरता येईल.

“प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: शेवटचे चार अंक … असलेले डेबिट कार्ड कारण न कळवता बंद केल्याबाबत आणि फोनवरील तक्रारीचे निवारण न झाल्याबाबत.

महोदय, माझे आपल्या बँकेत बचत खाते असून त्या खात्याचे वरील कार्ड दिनांक … रोजी सुमारे … वाजता … येथे नाकारले गेले. त्या वेळी खात्यात पुरेशी रक्कम होती आणि त्याच दिवशी त्याच खात्यातून यूपीआयचा व्यवहार झालेला आहे. मी दिनांक … रोजी ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक … आहे. … दिवसांत उत्तर देण्याचे सांगितले असूनही आजपर्यंत उत्तर मिळालेले नाही.

माझे कार्ड कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सूचनेवरून बंद झाले, हे मला लेखी कळवावे. बंदी तात्पुरती असल्यास ती उठवावी. ती कायमची असल्यास बदली कार्ड माझ्या सध्याच्या पत्त्यावर, शुल्क न आकारता पाठवावे, कारण कार्ड माझ्या विनंतीवरून बंद झालेले नाही. या अर्जाची पोच मिळावी.”

या मसुद्यात ‘अत्यंत खेदाची बाब’, ‘मनस्ताप’, ‘कायदेशीर कारवाई’ असे काही नाही, हे लक्षात आले असेल. ते मुद्दाम टाळले आहे. असा अर्ज पुढे ज्यांच्या टेबलावर जातो, ते तारखा आणि मागण्या पाहतात. तीव्र शब्दांनी भरलेल्या दोन पानी अर्जातली नेमकी मागणी शोधण्यात माझीच कित्येक दुपार गेल्याचे मला आठवते, आणि ती सापडली नाही तर आम्ही ‘आपल्या भावना वरिष्ठांना कळवल्या आहेत’ असे छापील उत्तर देऊन मोकळे होत असू. कारण विचारणारा थेट प्रश्न असेल, तर छापील उत्तर देणे अवघड जाते.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाला, तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाच्या ईमेलवर पाठवावा किंवा पोस्टाने नोंदणी करून पाठवावा. पोचेची तारीख सांभाळून ठेवावी, कारण पुढचे तीस दिवस तिच्यापासून मोजायचे आहेत.

तीस दिवसांनंतर

मधल्या काळात उत्तर आले नाही, तर एकदा बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, आधीच्या सर्व क्रमांकांसह स्मरणपत्र पाठवावे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या बहुतेक मोठ्या बँकांत अंतर्गत लोकपालही, म्हणजे तक्रारी तटस्थपणे तपासणारा अधिकारीही असतो, पण त्याच्याकडे ग्राहकाला थेट जाता येत नाही. बँकेने तक्रार पूर्णपणे किंवा अंशतः फेटाळायचे ठरवले, की ती तिनेच त्याच्यापुढे ठेवायची असते.

तीस दिवस उलटूनही उत्तर नाही, किंवा उत्तर आले पण ते पटण्यासारखे नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेपासून कोणत्या शहराचा लोकपाल, हा घोळ संपला आहे. संपूर्ण देशासाठी एकच दार आहे. तक्रार ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या संकेतस्थळावर करावी, किंवा चंडीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय तक्रार केंद्राकडे टपालाने पाठवावी. १४४४८ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते. शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. आर्थिक नुकसान झालेच पाहिजे, अशीही अट नाही. सेवेतील त्रुटी एवढा आधार पुरतो. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर तक्रार पहिल्याच पायरीवर परत येते, आणि फोनवरच भांडत राहिलेली बहुसंख्य माणसे नेमकी तिथेच अडतात. २०२१ च्या योजनेत बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जाण्याची अट होती; सध्याची मुदत संकेतस्थळावर पाहून घ्यावी. तोच वाद न्यायालयात चालू असेल, तर लोकपाल तो घेत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका सुरुवातीला या योजनेबाहेर होत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या योजनेत आल्या आहेत. पतसंस्था मात्र बँक नाही, तिच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जाते. नावाच्या पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे की नाही, ते पाहूनच पुढे जावे.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर आधी बोलून पाहावे. केवळ कार्ड बंद राहिल्याबद्दल आयोगात जावे असे मी सहसा सुचवत नाही, कारण तारखांवर तारखा पडतात. पण बंद कार्डामुळे रुग्णालयात दाखल होणे अडले किंवा परीक्षेचे शुल्क चुकले, असे ठोस नुकसान असेल, तर दोन वर्षांच्या मुदतीत तिथे दाद मागता येते.

परदेशात असताना

दुबईत, लंडनमध्ये किंवा सिंगापुरात भारतातले कार्ड बंद पडले, तर शाखेचा मार्ग बंद असतो आणि निःशुल्क क्रमांक तिथून लागत नाहीत. निघण्यापूर्वीच कार्डावरील परदेशातील वापराचे बटण चालू करावे, परदेशातून लावता येणारा बँकेचा साधा क्रमांक लिहून घ्यावा आणि भारतीय सिम ओटीपीपुरते तरी रोमिंगवर चालू ठेवावे. अर्ज ईमेलने पाठवावा, पण तो बँकेकडे नोंदवलेल्या ईमेलवरूनच. दुसऱ्या पत्त्यावरून आलेल्या अर्जाकडे बँक लक्ष देत नाही, आणि त्यात तिची चूक नाही.

नवे कार्ड मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर

बदली कार्ड बँकेत नोंदवलेल्या पत्त्यावर जाते, आपण राहतो त्या पत्त्यावर नव्हे. खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याचे कार्ड गावी जाते, घर बंद असल्याने परत फिरते, आणि बँकेच्या नोंदीत ‘पाठवले’ एवढेच दिसते. म्हणून पत्ता आधी बदलावा, मगच कार्ड मागवावे, आणि पाठवल्याचा स्पीड पोस्ट किंवा कुरिअर क्रमांक मागून घ्यावा. घाई असेल, तर शाखेत नाव न छापलेले तयार कार्ड आहे का ते विचारावे. ते अनेक शाखांत तिथल्या तिथे मिळते आणि कामाला अगदी सारखेच असते. शुल्क कापले गेले, तर ते १८ टक्के जीएसटीसह कापलेले दिसेल. बंदी आपल्या विनंतीवरून नसल्यास ते परत मागावे.

कार्ड हाती आल्यावर पिन स्वतः एटीएमवर किंवा ॲपमध्ये बसवावा, आणि ऑनलाइनचे बटण गरज असेल तरच चालू करावे. जुन्या कार्डावर लावून दिलेले मासिक हप्ते, वर्गणी आणि विम्याच्या आपोआप जाणाऱ्या रकमा नव्या कार्डावर सहसा स्वतःहून येत नाहीत. दुकानांच्या ॲपमध्ये साठवलेले कार्डही नव्याने नोंदवावे लागते. मागच्या तीन महिन्यांचे खाते उतारे काढून कार्डावरून कोणकोणते पैसे नियमित जात होते, त्याची यादी करावी आणि एकेक नव्याने जोडून घ्यावे. विम्याचा हप्ता सर्वांत आधी. जुने कार्ड चिपमधून आडवे कापून टाकावे, पण लोकपालाकडील तक्रार चालू असेल, तर ती निकाली निघेपर्यंत त्याचे तुकडे अर्जाच्या पोचेसोबत एकाच पाकिटात ठेवावेत.